लाल दिव्याची शेपटी: ‘अकिरा’च्या तीन डिस्क समोरासमोर

‘अकिरा’ हा जपानी अॅनिमेशनपट मी तीनदा विकत घेतलाय. २००१ची अमेरिकन डीव्हीडी, पत्र्याच्या डब्यातली. २००९ची ब्लू-रे, तीही अमेरिकेतली. आणि २०२०च्या एप्रिलमध्ये जपानात निघालेली फोरके डिस्क (ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांची), जी भाच्याचा मित्र मागच्या वर्षी टोकियोहून येताना घेऊन आला. सगळं धरून ती जवळजवळ नऊ हजारांना पडली. एवढ्या पैशांचं चीज झालं का, हे नीट बघायचं ठरवलं आणि लागोपाठ तीन रविवार दुपारी त्याच त्या जागा तिन्ही डिस्कवर लावून, वही घेऊन बसलो.

मी लालबागच्या एका छापखान्यात प्रीप्रेसला आहे, तेवीस वर्षं झाली. मशीनवरून उतरलेला कागद आणि पास झालेलं प्रूफ शेजारी शेजारी ठेवायचं, मॅजेंटा चढलाय का, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांच्या प्लेटचं एकमेकींवर बसणं, हललंय का, हे बघायचं. डोळ्याला तीच सवय. त्यात या चित्रपटासाठी ३२७ रंगछटा वापरल्या आणि त्यातल्या ५० खास याच्यासाठी तयार केल्या, असं वाचलं तेव्हापासून तर मी तो रंगांसाठीच बघतो. १९८८चा चित्रपट. जवळजवळ सगळं सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, हाताने रंगवलेलं आणि फिल्मवर टिपलेलं.

तपासायला मी सुरुवातीची मोटरसायकलींची रात्र निवडली. गाड्या वळतात तेव्हा मागच्या लाल दिव्यांची एक शेपटी हवेत मागे रेंगाळते. डीव्हीडीवर तो लाल रेषेबाहेर सांडतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लाल प्लेट अर्धा मिलिमीटर सरकली की अक्षराला जशी कड दिसते, अगदी तसं. कारण साधं आहे. डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांचं आणि त्यातही रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा दोन्ही दिशांना निम्म्यानेच साठवलेली. लाल रंगाला हे सगळ्यात जास्त जाचतं. ब्लू-रेवर १९२० बाय १०८०, त्यामुळे लाल रेषेच्या आत बसला. नायक कानेडाच्या जॅकेटची घडी आणि तिची सावली हे दोन वेगळे लाल आहेत, हे मला ब्लू-रेवर पहिल्यांदा कळलं. डीव्हीडीवर तो एकच गोळा होता.

फोरकेने मात्र पहिल्या रविवारी माझी निराशा केली. चित्र फिकट आणि धुतल्यासारखं, शेपटीचा लाल विटेच्या रंगाचा. वहीत मी चक्क ‘ब्लू-रे सरस’ असं लिहून ठेवलं. दुसऱ्या रविवारी भाचा आला, रिमोट घेतला आणि पाच मिनिटांत म्हणाला, “मामा, तुझ्या टीव्हीत एचडीआर चालूच नाहीये.” एचडीआर म्हणजे उजेड-अंधार आणि रंग यांची जास्त मोठी पट्टी दाखवायची पद्धत. बऱ्याच टीव्हींत ज्या एचडीएमआय खाचेत प्लेयर जोडलाय, तिचं सिग्नल फॉरमॅट सेटिंगमध्ये जाऊन ‘एन्हान्स्ड’ करावं लागतं. ते केलं नाही तर प्लेयर बिचारा एचडीआरचं साधं रूपांतर करून पाठवतो. तिथेच भाच्याने चित्र ‘स्मूद’ करणारी सोयही बंद केली. अॅनिमेमध्ये, म्हणजे जपानी अॅनिमेशनमध्ये, एकेक चित्र दोन-दोन, तीन-तीन फ्रेम मुद्दाम धरून ठेवलेलं असतं. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घालतो आणि चित्रकाराने लावलेला तो ठेका मोडतो. कुठलीही डिस्क तपासायच्या आधी ही दोन कामं करा. मी केली नव्हती आणि एक अख्खा रविवार चुकीचा निकाल लिहिण्यात गेला.

त्यानंतर तीच शेपटी पुन्हा लावली. मधला गाभा जवळजवळ पांढरा तापलेला, कडेला लाल, आणि मागची इमारत काळी असूनही तिच्या खिडक्या मोजता येतील अशी. पाच नव्हे, दहा वेळा मागे नेऊन बघितलं. मास्टर पॉझिटिव्ह फिल्म फोरकेमध्ये स्कॅन करून केलेली ही प्रत आहे, आणि फिल्मचे दाणे, म्हणजे तिच्यावरचा मूळचा बारीक रवा, प्रत करणाऱ्यांनी राहू दिलेत, याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटतात. माझ्याकडे एका जुन्या मालिकेचा संच आहे, त्यात चित्र ‘स्वच्छ’ करायच्या नादात दाणे पुसले आणि त्यांच्याबरोबर केसांच्या बारीक रेघाही गेल्या. चेहरे मेणाचे दिसतात. तो संच मी पुन्हा लावलेला नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या ४३ इंची टीव्हीसमोर सात फुटांवर बसून रेषांच्या तपशिलात ब्लू-रे आणि फोरके यांत मला फरक दिसला नाही. दोन फुटांवर जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसला. नऊ हजार गेले ते उजेडासाठी आणि रंगासाठी.

रंग चुकला की ठिपके कितीही वाढवून उपयोग नसतो. ‘स्पिरिटेड अवे’ची २००२ची जपानी डीव्हीडी घ्या. अख्ख्या चित्रपटावर लालसर झाक, पांढरा कपडासुद्धा गुलाबी. आमच्याकडे असं प्रूफ आलं असतं तर मशीन तिथल्या तिथे थांबवलं असतं. २०१४च्या ब्लू-रेवर रंग ताळ्यावर आले.

अलीकडच्या, संगणकावर रंगवलेल्या मालिकांचं दुखणं वेगळं आहे. संध्याकाळचं आकाश निळ्यातून केशरीत जाताना पट्ट्या पडतात. ब्लू-रेवर प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या, आणि मोठ्या आकाशाला त्या पुरत नाहीत. आम्ही ग्रेडियंटला पट्ट्या पडू नयेत म्हणून बारीक नॉइज, म्हणजे विस्कटलेले ठिपके, टाकतो. चांगले डिस्कवालेही तेच करतात. पण तो नॉइज टिकवायला डिस्कवर जागा लागते. जपानी डिस्कवर बहुधा दोन-तीनच भाग असतात, अमेरिकन संचात बारा-तेरा भाग दोन डिस्कवर बसवतात. पहिली काटछाट अशा बारीक नॉइजवरच होते.

आता आवाज. मी गिरगावात चाळीत राहतो, मधली भिंत लाकडी पार्टिशनची, त्यामुळे मोठा आवाज फक्त रविवारी दुपारी. ‘अकिरा’चं संगीत गेईनोह यामाशिरोगुमी या जपानी समूहाचं. त्यात बालीचं जेगोग आहे, जाडजूड बांबूंचं वाद्य. डीव्हीडीवर आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये, सेकंदाला ४४८ किलोबिटच्या मर्यादेत दाबून बसवलेला. त्यात बांबूवरचा ठोका आणि त्यामागची घुमार एकमेकांत कालवून जातात, जसं विसर्जनाची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असताना नुसता गलका येतो आणि ताशाची काडी ऐकू येत नाही. ब्लू-रेवर ट्रूएचडी, काहीही न गाळलेला आवाज. काडी पडली की पडली. त्यानंतर बांबूचं पोट घुमतं, आणि मग शांतता. मला तर या चित्रपटात सगळ्यात मोठी उडी हीच वाटली, चित्रापेक्षाही.

जपानी ध्वनी २००९च्या आणि २०२०च्या दोन्ही डिस्कवर १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट आहे, म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने. त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर साठवता येतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही, आणि इथे ९६पर्यंत जागा ठेवलेली. हे कुणाच्या हौसेखातर झालेलं नाही. संगीतकार शोजी यामाशिरो हे त्सुतोमु ओहाशी नावाने याच विषयावर संशोधन करतात: ऐकू न येणाऱ्या उंच लहरींचाही मेंदूवर परिणाम होतो, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना मान्य नाही. माझ्या स्पीकरवर मला त्या १९२चा वेगळा फायदा जाणवला नाही. नव्या प्रतीत खालचा सूर जास्त भरलेला वाटतो, तो मात्र नक्की.

शेवटच्या भागातला समूहस्वर चालू असताना शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “कुठले मंत्र लावलेस रे?” म्हणाल्या आणि संपेपर्यंत उंबऱ्यावरच थांबल्या. तेव्हा ब्लू-रे चालू होती.

विकत घेणाऱ्यांसाठी: डीव्हीडी आणि ब्लू-रे बहुधा ज्या विभागासाठी काढल्या तिथल्याच प्लेयरवर चालतात. डीव्हीडीला आपला देश ५ नंबरच्या विभागात, ब्लू-रेला ‘सी’त. जपान आणि अमेरिका ‘ए’त, ब्रिटन ‘बी’त. म्हणजे सगळे विभाग चालवणारा प्लेयर आधी घ्या, लॅमिंग्टन रोडला विचारत फिरावं लागेल. फोरके डिस्कला विभागाचं बंधन नाही. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत रेषा जास्त, ५७६, पण सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ने पळवतात. १२४ मिनिटांचा ‘अकिरा’ ११९ मिनिटांत संपेल आणि आवाज अर्ध्या स्वरापेक्षा जरासा कमी चढेल. संगीतासाठी बघणाऱ्याने ती घेऊ नये. पूर्वी काळाघोड्याला ऱ्हिदम हाऊस या दुकानात वेष्टन हातात घेऊन, मागची बारीक अक्षरं वाचून मग पैसे देता यायचे. ते २०१६ला बंद झालं. आता सगळं मागवायचं आणि कस्टमचा आकडा येईपर्यंत थांबायचं.

एचडीआरचा बरा टीव्ही असेल तर फोरके घ्या. नसेल तर २००९ची ब्लू-रे शोधा आणि उरलेल्या पैशांत चांगले दोन स्पीकर घ्या. डीव्हीडीचा पत्र्याचा डबा मुंबईच्या हवेने कडेला गंजलाय. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात, दर जूनमध्ये बदलतो.