एचुका बंदर: मरे नदीचा लाकडी धक्का आणि आगबोटीची फेरी

मेलबर्नहून उत्तरेला गाडीने अडीच-तीन तासांवर, मरे नदीच्या काठी असलेले एचुका हे गाव एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील सर्वांत गजबजलेल्या नदीबंदरांपैकी एक होते. तेथील जुने बंदर आता संग्रहालय, धक्का आणि आगबोटींच्या फेऱ्या या स्वरूपात पाहता येते. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भेटीचा गाभा म्हणजे 1865 मध्ये बांधायला घेतलेला लाकडी धक्का. मरेची पातळी पावसाळी महिन्यांत आणि कोरड्या महिन्यांत कित्येक मीटरने बदलत असल्यामुळे तो एकावर एक अशा मजल्यांनी उभारला गेला, म्हणजे पाणी कितीही खाली गेले तरी बोटीतला माल वर चढवता यावा. बहुतेक पर्यटक वरच्या फलाटावर छायाचित्रे काढून परततात. वेळ कमी असला तरी तसे करू नये. जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले की नदीकाठच्या रेड गम (निलगिरीची एक जात) वृक्षांचे जाडजूड खांब, आडव्या तुळया आणि त्यांना जखडणारे लोखंडी बोल्ट हाताच्या अंतरावर दिसतात आणि एवढ्या वजनाचा डोलारा पाण्यात कसा टिकला असेल, हे कोणी न सांगताही कळते. एके काळी सुमारे 332 मीटर लांब असलेल्या या धक्क्याचा आज फक्त 75 मीटरच्या आसपासचा भाग उरला आहे, कारण 1944 मध्ये, युद्धकाळातील टंचाईत, त्याचा मोठा हिस्सा सरपणासाठी तोडला गेला. हे वाचून मला मनापासून वाईट वाटले.

बंदराची भरभराट रेल्वेने झाली आणि उतरतीही रेल्वेनेच. हेन्री हॉपवूड या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्याने 1850 च्या दशकात येथे नदी ओलांडण्यासाठी तराफा सुरू केला आणि त्याभोवती गाव वसवले. 1864 मध्ये मेलबर्नची रेल्वे पोहोचल्यावर रिव्हरिना प्रदेशातील आणि डार्लिंग नदीच्या काठची लोकर बोटींनी येथे येऊन गाडीने मेलबर्नला जाऊ लागली. पुढे न्यू साऊथ वेल्सची रेल्वे 1882 मध्ये ‘हे’ (Hay) आणि 1885 मध्ये ‘बर्क’ या गावांपर्यंत गेली, तेव्हा तीच लोकर सिडनीकडे वळली. अर्थात हॉपवूडच्या कितीतरी आधीपासून हा प्रदेश योर्टा योर्टा या मूळनिवासी लोकांचा आहे, हे लक्षात ठेवूनच येथे फिरावे.

आगबोटीची फेरी अवश्य घ्यावी. 1866 ची ‘अ‍ॅडलेड’ ही लाकडी सांगाड्याच्या, अजूनही चालणाऱ्या पॅडल स्टीमरांमध्ये (वल्ह्यांच्या चाकाने चालणाऱ्या आगबोटींमध्ये) जगात सर्वांत जुनी मानली जाते. 1911 ची ‘पेवेन्सी’ आणि 1923 ची ‘अलेक्झांडर आर्बथनॉट’ याही येथे आहेत. बोट कोणतीही असो, शक्य तर इंजिनाजवळची जागा धरावी, कारण भट्टीत ओंडका पडल्यापासून दांडा फिरून चाक पाणी कापू लागेपर्यंतची सगळी क्रिया तेथे उघड्यावर पाहता येते. मुलांना ती दाखवण्यासारखी आहे.

1867 च्या स्टार हॉटेलमधील तळघर आणि भुयार यांची चर्चा बरीच होते, पण माझ्या मते ती धक्क्याच्या तुलनेत दुय्यम आहेत आणि तेथे पंधरा मिनिटे पुरेत. त्यापेक्षा जुन्या कस्टम्स हाऊसकडे थोडा अधिक वेळ द्यावा. एचुका व्हिक्टोरियात आणि पलीकडचा मोआमा गावाचा काठ न्यू साऊथ वेल्स या वेगळ्या वसाहतीत असल्यामुळे, 1901 मध्ये वसाहतींचे संघराज्य होण्यापूर्वी, या नदीवरून जाणाऱ्या मालावर जकात आकारली जात असे.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालच्या मजल्याच्या पायऱ्यांबाबत आधी चौकशी करावी. पूर आला की खालचे मजले पाण्याखाली जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी नदीची पातळी आणि फेऱ्यांच्या वेळा तपासून घेणे उत्तम.