आगीचा बंब घरी आणायचा तर: टाटा १२१० एसईची झडती

मीटरवर फक्त चाळीस हजार किलोमीटर. जुन्या बंबाच्या केबिनमध्ये असा आकडा दिसला की घेणारा हरखून जातो. मालट्रक एवढं तर वर्षभरात पळतो! पण बंबाचं वय किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. तो दोन किलोमीटर धावतो आणि मग चार तास एका जागी उभा राहून पंप ओढतो, तेव्हा इंजिन घासत असतं आणि मीटर मात्र झोपलेलं. पंपावर घातलेला एक तास म्हणजे रस्त्यावरचे चाळीस-पन्नास किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरा. पंपाच्या पॅनेलवर तासांचं मीटर असेल आणि ते चालू असेल, तर तोच खरा आकडा.

टाटा १२१० एसई हा बंबासाठी वापरला गेलेला एक जुना सांगाडा. जर्मनीत मर्सिडीजने १९५९ मध्ये आखूड नाकाचे ट्रक आणले, त्यांचा हा भारतीय चुलतभाऊ. अर्धं इंजिन नाकात, अर्धं केबिनच्या पोटात. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, नंतर बोनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचा 'टी' आला. त्यामुळे १२१० वर तारा दिसला तर तो कुणीतरी नंतर हौसेने लावलेलाही असू शकतो, गाडीचं साल पडताळल्याशिवाय त्याचे जादा पैसे मोजू नका. नावातले पहिले दोन आकडे म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन, पुढचे दोन म्हणजे शंभराच्या आसपासची अश्वशक्ती. इंजिन ६९२, म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२० मिलिमीटर, एकूण ४७८८ सीसी, थेट इंजेक्शन.

या गाडीत सगळ्यात कमी घाबरायचं ते इंजिनाला. साधं, जाड बिडाचं, ओळखीचं. लाइनर, पिस्टन, रिंगा, नोझल, गॅस्केट अजून मिळतात आणि ट्रान्सपोर्टनगरीतले जुने फिटर ते डोळे मिटून उघडतात. तरीही बंबाच्या इंजिनाची एक खास खोड असते. घंटा झाली की थंड इंजिन सुरू करून लगेच पाय पूर्ण दाबलेला. तेल वर पोचायच्या आत रिंगा बोअरला घासतात आणि हेच वर्षानुवर्षं चालतं. म्हणून बघायला गेल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर विकणाऱ्याने आधीच गाडी सुरू करून ठेवली आहे. चहा पिऊन परत जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता या.

थंड इंजिन सेल्फवर पाच-सात सेकंदांत उचललं पाहिजे. सुरुवातीचा मिनिटभर पांढरा धूर माफ. निळा धूर गरम झाल्यावरही राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेले. चढावर काळा धूर आला तर नोझल, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन किंवा तुंबलेला एअर क्लीनर. क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल तर वाटी काढून पाहाच. बऱ्याच गाड्यांत तिथे तेलाऐवजी डांबरासारखा गाळ असतो. मग तेल भरायचं झाकण उघडून त्यावर तळहात धरा. हवेचा हलका फुंकर ठीक, पण हात ढकलला जात असेल तर बोअर गेलं. थंड रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालवा. पाण्यात सतत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

उभ्या राहिलेल्या बंबात डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलेली असतेच. विकणारा त्यालाच 'डिझेल पंप खराब, म्हणून स्वस्तात देतोय' म्हणत असेल तर तुमचं नशीब उघडलं. डिझेलची टाकी निम्म्याच्या वर भरा, फिल्टरवरचा हवा सोडायचा ब्लीड स्क्रू सैल करा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातपंप मारत राहा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. मग नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, प्रत्येक पाइपातून डिझेल उडालं की तो नट आवळा. तेवढं करूनही तासाभरात परत हवा धरली, तर फीड पंपाच्या आधीच्या पाइपात कुठेतरी बारीक चीर आहे. डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

आता पाण्याचा पंप. बंबाची किंमत इथे ठरते, आणि नेमकं इथेच लोक फक्त पितळ चमकतंय की नाही एवढंच बघतात. अनेक जुन्या बंबांवर मागे एक सेंट्रिफ्यूगल पंप असतो, ७ किलो दाबाला मिनिटाला १८०० लिटर या मापाचा. पंप आणि आतलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, गनमेटलचे. पाणी बाहेर सोडणारी तोंडं, म्हणजे डिलिव्हरी, ६३ मिलिमीटरच्या, पाणी ओढणारं सक्शन १०० मिलिमीटरचं, गोल आट्याचं. इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा पीटीओ काहींत गिअरबॉक्सच्या कुशीला, काहींत प्रॉपेलर शाफ्ट कापून मध्ये बसवलेला. दुसऱ्या प्रकारात पंप चालवताना कुठला गिअर घालायचा ते बंब बांधणाऱ्याने पत्र्यावर कोरलेलं असतं. तो पत्रा गायब असेल तर अंदाजाने गिअर घालू नका. चुकीच्या गिअरवर पंप हद्दीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग बसते.

आधी कोरडी चाचणी. पंप रिकामा करा, सगळे व्हॉल्व्ह आणि ड्रेन बंद करा, सक्शनच्या पाइपाच्या टोकाला ब्लँक कॅप लावा, पंपातली हवा उपसणारा प्रायमर चालवा. निर्वात मोजणाऱ्या गेजचा काटा पाऱ्याच्या २२-२४ इंचांपर्यंत गेला पाहिजे. इंजिन बंद करून काट्याकडे मिनिटभर बघत राहा. झरझर खाली आला तर हवा आत घुसतेय. कुठून ते कानाने शोधा, सी-सी आवाज येतो. बहुतेकदा सक्शनचं रबरी वायसर, ड्रेन कॉक, नाहीतर शाफ्टभोवतीची दोरीची गळतीरोधक बैठक, म्हणजे ग्लँड. वायसर काही रुपयांचं आणि ग्लँडची दोरी थोड्या पैशांची. पण काटा १५ च्या वर जातच नसेल तर प्रायमर उघडायला लागेल आणि जुन्या प्रायमरचे भाग खराद्याकडून करून घ्यावे लागतात.

मग पाणी. विहीर किंवा शेततळं गाठा. पाइपाची जाळी पाण्याखाली किमान ३० सेंटिमीटर बुडलेली हवी, नाहीतर भोवऱ्यातून हवा ओढली जाते. तळापासूनही तेवढीच वर, गाळ नको. समुद्रसपाटीजवळ चांगला पंप सात मीटर खोलीवरून पाणी उचलतो. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाबच कमी, त्यामुळे तिथे मीटर-दीड मीटर कमी धरा आणि पंपाला नावं ठेवू नका. पाणी आल्यावर एक डिलिव्हरी उघडून ७ किलोचा दाब धरा आणि अर्धा तास हलू नका. पाच मिनिटांची चाचणी म्हणजे निव्वळ दिखावा, कारण दोष गरम झाल्यावर बाहेर पडतात. जुन्या पद्धतीच्या दोरीच्या ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडलंच पाहिजे. एकदम कोरडा ग्लँड दाखवून 'बघा, एक थेंब गळत नाही' म्हणणाऱ्याने तो करकचून आवळलेला असतो आणि आतला शाफ्ट खरवडला जातोय. पंपातून खडी ढवळल्यासारखा आवाज आला तर जाळी तुंबलीय किंवा उचल जास्त आहे. हा आवाज वर्षभर चालू दिला तर इम्पेलरच्या पात्यांना खड्डे पडतात, म्हणून डिलिव्हरीच्या तोंडातून टॉर्च मारून दिसेल तेवढं आत पाहा.

उभ्या गाडीला वारा लागत नाही, म्हणून पंपाचं पाणी वळवून इंजिन थंड ठेवायची सोय काही बंबांत असते. तिची नळी तुंबलेली किंवा कुणीतरी कापून बुच मारलेली असते. अर्ध्या तासाच्या चाचणीत तापमानाचा काटा चढत गेला तर आधी तिकडे बघा, रेडिएटरला दोष देण्याआधी.

टाकी साधारण साडेचार हजार लिटरची, म्हणजे साडेचार टन, आणि ती चोवीस तास भरलेली. मालट्रक निदान परतीला रिकामा येतो. बंबाचे स्प्रिंगचे पाटे मात्र कधीच मोकळा श्वास घेत नाहीत. मागचे पाटे सपाट झालेले, मधला एखादा तुटलेला, हे गृहीत धरा. नवी कमान करून मिळते, त्यात मोठं काही नाही. खरी भीती टाकी आणि चॅसीच्या मधल्या फटीची. तिथे पाणी झिरपतं, लाकडी किंवा रबरी पट्टी ओली राहते आणि चॅसीची वरची बाजू आतून पापुद्र्यासारखी सुटते. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा, 'भद्द' आला तिथे थांबा. चॅसीवर नुकताच जाड काळा रंग मारलेला दिसला तर तिथे दोनदा ठोका.

टाकीत पाण्याचे हेलकावे अडवायला आडव्या फळ्या असतात. त्या गंजून सुटल्या की गाडी धोकादायक होते, आणि ते बाहेरून कळत नाही. मोकळ्या मैदानावर टाकी अर्धी भरून वीसच्या वेगाने ब्रेक दाबा. भरलेल्यापेक्षा अर्धी टाकी जास्त बोलते. थांबल्यानंतर मागून धक्का येऊन गाडी पुढे सरकली, तर फळ्या गेल्या.

ब्रेकच्या बाबतीत उलटं घडतं: वापर कमी म्हणून लायनर जाड, पण सगळं जाम. टायरही तसेच. ९.००-२० ची नक्षी कोरी करकरीत आणि रबर पंधरा वर्षांचं. बाजूच्या भेगा बघा, नक्षी बघू नका. टायर सुट्या लोखंडी रिंगने अडकवलेली डिस्क असेल तर टायर काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा किंवा साखळीने बांधा, समोर कुणी उभं राहू नये. ती रिंग उडाली तर माणूस वाचत नाही.

कागदपत्रं गाडीआधी बघा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही, त्या भंगार केंद्राकडे जातात. म्हणजे पालिकेचा बंब आता रस्त्यावर चालवण्यासाठी मिळणं जवळपास संपलं. शोधायचं तर साखर कारखाने आणि खासगी रासायनिक कंपन्यांचे बंब शोधा, त्यांना हा नियम लागू नाही. २०२१ चा विंटेज नोंदणीचा नियम खासगी कार आणि दुचाकींपुरता आहे, ट्रक त्यात बसत नाही. पन्नास वर्षांचा ट्रकसुद्धा कायद्याला जुना ट्रकच. पंधरा वर्षांपुढच्या जड गाडीच्या फिटनेसचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये १२,५०० रुपयांवर गेलं होतं, आजचं शुल्क विचारून घ्या आणि तो खर्च धरूनच भाव करा. जड वाहनाचा परवाना लागतोच. निळा-लाल दिवा आणि सायरन खासगी मालकाला रस्त्यावर वापरता येत नाही. पितळी घंटा असेल तर ती मात्र ठेवा. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात जुने बंब घासूनपुसून बाहेर काढले जातात, मूळ रंग आणि मूळ फिटिंग कसं असतं ते तेव्हा फोटो काढून ठेवा. तांबडा रंग नंतर मारता येतो, पण हरवलेलं मूळ कपलिंग शोधायला महिने जातात.

सौदा करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. एकदा टाकी रिकामी करून, एकदा काठोकाठ भरून. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, त्यामुळे दोन वजनांतला फरक हीच टाकीची खरी क्षमता. साडेचार हजार सांगून फरक अडतीसशेच आला, तर तळाशी गाळ साचलाय किंवा टाकी बदललीय. भरलेलं वजन बारा टनांच्या वर गेलं तर नंतर कुणीतरी अवजड काही चढवलंय. आणि रिकामं वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा दर एवढी किंमत काट्याच्या पावतीच्या मागे लिहून ठेवा. विकणाऱ्याने तो हिशेब आधीच केलेला असतो.