वेलगुलाब घ्यायचाय? आपल्या विदर्भाच्या उन्हात कोणता टिकतो ते सांगतो

फाटकावरच्या लोखंडी कमानीसाठी अन घराच्या दोन भिंतींसाठी वेगवेगळे वेलगुलाब लावून पाहिलेत, आता त्यांनी बरेच उन्हाळे काढलेत म्हणून हा रिव्ह्यू. राजेहो, नुसता फुलाचा फोटो पाहून रोप घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो अन खाली चिकट काळी माती, तेव्हा फांदी वाकते का आणि झाड उन्हाळा काढतं का, हे आधी पाहायचं, रंग नंतर.

माझा एक नंबर दिल्ली व्हाइट पर्ल. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची जात आहे, म्हणजे आपल्यासारख्याच उन्हाळ्यातून निघालेली. पांढरी भरगच्च फुलं झुपक्यानं येतात, फांद्या लांब अन लवचिक, कमानीवर जशा वळवाल तशा वळतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पानं करपतात पण झाड दगावत नाही, पाऊस पडला की परत फुटतं. हिवाळ्यात तर कमान अशी भरते की रस्त्यानं जाणारे थांबून विचारतात.

दुसरा क्लाइंबिंग आइसबर्ग. हाही पांढरा, फुलं मोठी, पूर्वेच्या भिंतीवर मस्त चालतो. पण घेताना नीट पहा, कारण मूळ आइसबर्ग 1958 चा झुडपी गुलाब आहे आणि त्याच्याच एका फांदीतून 1968 मध्ये वेलाची जात निघाली, नाव तेच. मला एका नर्सरीनं वेल म्हणून साधं झुडूपच दिलं, दोन हंगाम कमरेएवढंच राहिलं, विचारायला गेलो तर म्हणे खत कमी पडलं. म्हणून रोपाला लांब सळसळीत फांदी असेल तरच पैसे द्या.

गुलाबी पाहिजे तर न्यू डॉन. 1931 मध्ये अमेरिकेत झाडाला पहिलं पेटंट मिळालं ते याच गुलाबाला, कारण ज्या वेलातून तो निघाला तो वर्षातून एकदाच फुलायचा आणि हा परत परत फुलतो. फिकट मोतिया गुलाबी, फार सुंदर. काटे मात्र जबरदस्त, लहान पोरं खेळतात तिथं लावू नका. माझ्याकडे तो हिवाळ्यातच खरा खुलतो, एप्रिलपासून फुलं बारीक होतात, चार स्टार.

डॉन जुआन, गडद लाल मखमली, वास एकदम भारी, पण फांद्या ताठ त्यामुळे कमानीवर वळत नाहीत, खांबाला किंवा भिंतीला ठीक. गडद लाल पाकळ्या उन्हात काळ्या पडतात, त्यामुळे पश्चिमेची भिंत याला अजिबात देऊ नका, सिमेंट रात्रीपर्यंत तापलेलं असतं तिथं. खरं तर पश्चिमेला कोणताच गुलाब नको, तिथं बोगनवेल लावा.

आता लावायचं कसं. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं सडतात, म्हणून खड्ड्यात मुरूम, वाळू अन कुजलेलं शेणखत मिसळा, वाफा थोडा उंच ठेवा. भिंतीपासून फूटभर लांब लावा आणि तारा भिंतीला चिकटवून नको, मागून हवा खेळली पाहिजे नाहीतर उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड पानांचा रस शोषून टाकते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फांद्या सरळ वर नेऊ नका, आडव्या बांधा. उभ्या फांदीला फूल फक्त शेंड्याला येतं, आडवी केली की प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो अन त्याला कळी लागते. बांधायला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घ्या, तार सालीत रुतते.

कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो जंगली, लगेच मुळापासून ओढून काढा, ठेवला तर दोन वर्षांत वरचं कलम मारतो. छाटणी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, तीही फक्त वाळलेल्या आणि बाजूच्या बारीक फांद्यांची. पहिल्या वर्षी तर वेलाला कात्री लावूच नका, क्लाइंबिंग आइसबर्गसारखा वेल जोरात छाटला तर परत झुडूप होऊ शकतो.

नवीन रोपं घ्यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, थंडीत मुळं धरतात. जूनमध्ये नर्सरीवाले आग्रह करतात, पण आपल्या काळ्या मातीत तेव्हा नको.