दशावतारी गंजिफा : पानं अप्रतिम, नियमपुस्तिकेचं काम अजून बाकी

गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा संच पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनात घेतला. रिव्ह्यू मुद्दाम आतल्या पुस्तिकेचा लिहितोय, कारण पानांचं कौतुक सगळेच करतात आणि मग संच शोकेसमध्ये जाऊन बसतो, खेळत कोणीच नाही.

पानांबद्दल थोडक्यात. विष्णूच्या दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० गोल पानं, सगळी हाताने रंगवलेली. मत्स्याच्या पानांवर इवले इवले मासे, परशुरामाच्या परशू, आणि दश्शीवरसुद्धा गर्दी वाटत नाही. सावंतवाडीच्या राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली नसती तर हे हातात आलंच नसतं, त्यामुळे पैसे दिल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

आता पुस्तिका. आधी एक घडीचा कागद मिळायचा, आता स्टॉलवाले ‘सुधारित नियम’ लिहिलेली मराठी पुस्तिका देतात. सुधारणा खरंच चांगली आहे. तिघांत ४०-४० पानं, हुकूम नाही, हे स्वच्छ लिहिलंय. गोल पानं पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, चादरीवर पसरून कालवायची, हेही चित्रासकट दिलंय. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, आणि रात्री कृष्णवाल्याची, हा नियम जुन्या कागदावरही होता, पण रात्र कधी सुरू होते ते नव्हतं. नव्यात सरळ लिहिलंय की पानं वाटायला घेतली तेव्हा सूर्य मावळला असेल तर कृष्ण. कोथरूडला आमच्या घरी बायकोच्या कुडाळच्या आत्या खेळायला होत्या, संध्याकाळची वेळ, मी रामाचा राजा टाकायला काढला तर म्हणाल्या, "जावईबापू, दिवे लागले, आता कृष्ण!" पुस्तिका उघडली, एका मिनिटात वाद मिटला. नियम लिहायचा तो यासाठीच.

पण मोठी उणीव अशी, की आकड्यांच्या पानांत पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, हे एका ओळीत उरकलंय, आणि कुठले पाच कुठल्या बाजूचे याचा तक्ताच नाही!! अहो, नवीन माणूस अडतो तो इथेच. हात कोणाचा यावरून दर थोड्या वेळाने डाव थांबतो आणि लहान मुलं कंटाळून उठून जातात.

दुसरं, ‘सुधारित’ म्हणजे कधी सुधारलं आणि नेमकं काय बदललं हे कुठेच नाही, साल पण नाही. पत्त्यांतल्या ब्रिजवाल्यांकडे बघा, वर्ल्ड ब्रिज फेडरेशनने डुप्लिकेट (म्हणजे स्पर्धेतल्या) ब्रिजचे नियम २००७ ला बदलले, परत २०१७ ला बदलले, त्यामुळे कुठल्याही टेबलावर कुठली आवृत्ती चालू आहे ते माहीत असतं. गंजिफात घराघरात वेगळी पद्धत आहे आणि ती राहू देच, फक्त छापताना ‘काही घरी असंही खेळतात’ म्हणून बाजूला लिहा, कुणाची पद्धत चूक ठरवू नका. जुनी जाणती माणसं अजून आहेत, त्यांना बसवून विचारून घेतलं पाहिजे आणि हे आत्ताच व्हायला हवं.

पानांना ५ पैकी ५, पुस्तिकेला ३. घेणार असाल तर डबा तिथेच उघडून बघा, काही डब्यांत अजून जुना कागदच आहे, मागितलं की बदलून देतात.