दवाखाना कोणाचा, बिल कोणाचं?

सगळ्यांना सरकारी खर्चाने उपचार हवेत म्हटलं की समोरचा लगेच ‘हा समाजवाद झाला’ म्हणतो. बाजू घ्यायची की विरोध करायचा, हे ठरवण्याआधी दोन प्रश्न वेगळे करा: दवाखाना कोणाच्या मालकीचा आणि बिल कोण भरतं? जगातल्या व्यवस्था इथेच वेगळ्या होतात, आणि त्यांचे कच्चेपक्के नमुने ठाण्यातच बघायला मिळतात.

समाजवादाच्या सगळ्यात जवळचं ब्रिटन. 5 जुलै 1948 ला मजूर पक्षाच्या सरकारने हॉस्पिटलं ताब्यात घेतली, खर्च करातून. तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन एवढे पक्के की 1951 मध्ये चष्मा आणि कवळीला पैसे लावायचं ठरलं, तेव्हा कामगारमंत्री असलेल्या बेव्हननी मंत्रिपद सोडलं. तरी फॅमिली डॉक्टर तिथेही कंत्राटावरच राहिले, सरकारी नोकर झाले नाहीत. आपल्याकडे याच जातीचं म्हणजे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं. पॉलिसी कोणी मागत नाही. पण मुंब्रा-दिव्यापासून शहापूरपर्यंतचे पेशंट तिथे येतात, त्यामुळे पैशाऐवजी वेळ मोजावा लागतो. ब्रिटनमध्ये लोक ऑपरेशनच्या तारखेसाठी ताटकळतात, रडगाणं तेच.

जर्मनीची गोष्ट उलटी. समाजवाद्यांच्या सभा-संघटनांवर 1878 मध्ये बंदी घालणाऱ्या चान्सलर बिस्मार्कनेच 1883 मध्ये कामगारांना सक्तीचा आरोग्यविमा दिला. हेतू हा, की कामगार समाजवाद्यांच्या नादी लागू नयेत! पगारातून हप्ता, मालकाचा वाटा. आपलं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, याच वळणाचं: कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. वागळे इस्टेटचं कामगार रुग्णालय यावरच चालतं. मात्र पगार 21 हजारांच्या वर गेला की काही महिन्यांत तुम्ही योजनेबाहेर. पगारवाढीचे पेढे वाटताना हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कॅनडात डॉक्टर बहुतेक खासगी, बिल मात्र सरकारकडे. टॉमी डग्लस या समाजवादी पुढाऱ्याने आखलेली योजना 1962 मध्ये सस्कॅचेवान प्रांतात सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी संप केला होता. आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना याला जवळची: खासगी हॉस्पिटलातही आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर कागद द्या, उपचार यादीत असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत खर्च सरकारचा. बीपीची रोजची गोळी त्यात बसत नाही, आणि घरचे पैसे खरे गळतात ते तिथेच.

स्वित्झर्लंडमध्ये 1996 पासून प्रत्येकाला विमा घ्यावाच लागतो, तोही खासगी कंपनीचा. पण हा मूळ विमा द्यायला कंपनी नकार देऊ शकत नाही आणि त्यावर नफाही कमवू शकत नाही. आपला मेडिक्लेम वरून तसाच दिसतो, या दोन अटी सोडून.

म्हणजे समाजवाद्याने डॉक्टर खासगीच ठेवले आणि समाजवादाच्या वैऱ्याने सक्तीचा विमा आणला. तेव्हा शिक्का बघून ठरवू नका. माझा कौल कळव्याच्या बाजूने आहे. जर्मन पद्धतीला पगाराची स्लिप लागते. नाक्यावरचा मजूर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई ती कुठून आणणार? नुसत्या फुले योजनेने ओपीडीचं भागत नाही. नगरसेवक मत मागायला आला तर आधी वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधं मागा, योजनेचं कार्ड नंतर. मेडिक्लेम असेल तर तूर्त चालू ठेवा. एकदा तुटला की नव्या पॉलिसीचा वेटिंग पिरियड (जुन्या आजारांना विमा न मिळण्याचा काळ) पुन्हा पहिल्यापासून मोजतात.