८४ डॉलरचा ‘हमिंगबर्ड संच’ आणि फुकटचा तेरडा : १६ महिन्यांनंतर

हमिंगबर्ड, म्हणजे हवेतच उभं राहून फुलातला मध पिणारं इवलंसं पाखरू, अंगणात यावं म्हणून रोपांचा एक संच घरपोच मागवला होता. काल कंपनीच्या कस्टमर केअरचं शेवटचं उत्तर आलं, म्हणून त्याचा रिव्ह्यू लिहायला बसलो. ‘तक्रार डिलिव्हरीपासून ३० दिवसांत करायला हवी होती.’ अहो, वेल ३० दिवसांत फुलतो का? तो दुसऱ्या वर्षी फुलला, आणि फुलल्यावरच कळलं की तुम्ही भलताच पाठवलाय. पण ते पुढे.

संच नेहमीचाच. बी बाम तीन, कार्डिनल फ्लॉवर तीन, लाल कोलंबाइन दोन आणि कोरल हनीसकलचा एक वेल. सगळं ‘नेटिव्ह’, म्हणजे मूळ इथलंच, शिपिंग धरून ८४ डॉलर, कुंड्या मात्र चहाच्या कपाएवढ्या. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीच्या मधल्या भागात, मागे ओढा, त्यामुळे हरणं आलीच. इकडचा नेहमीचा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. एप्रिलअखेर येतो, सप्टेंबर सरता सरता मेक्सिकोच्या वाटेला लागतो. हे सगळं तुम्हाला माहीत असणारच.

कोलंबाइनबद्दल तक्रार नाही. एप्रिल-मेमध्ये बाकी वाफा झोपलेला असताना ही फुललेली असते. फूल खाली मान घालून लोंबतं, मध वरच्या नळ्यांच्या टोकाशी, त्यामुळे पाखरू खालून चोच घालून हवेतच उभं राहतं. आमच्या गावी जास्वंदीवर शिंजीर यायचा तो फांदीला धरून बसायचा. हे जेमतेम तीन ग्रॅमचं प्रकरण बसायचं नावच घेत नाही.

आता बी बाम. इथे माझं डोकं फिरलं. पहिल्याच जुलैत खालच्या पानांवर पांढरे ठिपके, आठवड्यात अख्खं पान पिठात लोळवल्यासारखं. भुरी, पानांवरची बुरशी! माझं बालपण तासगावात द्राक्षबागेत गेलंय. भुरीच्या नावानं घरात जेवण गोड लागत नसे. आठ हजार मैल लांब येऊन पैसे देऊन मी भुरी विकत घेतली, या विचारानंच मी रिव्ह्यूच्या पाच ताऱ्यांतले दोन तिथल्या तिथे कापले होते. रोज ऑफिसला निघताना पानं उलटीपालटी करून बघायचो. शेजारच्या बाईंना वाटलं, मी झाडाशी बोलतो.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. “गंधक मार की,” पहिलं उत्तर. मग, “नाहीतर आंबट ताक मार.” मी सांगितलं, अण्णा, फवारणी करायची नाही, ही पाखरं मधाबरोबर बारीक किडे-कोळी पण खातात, घरट्याला कोळ्याचं जाळंच वापरतात. अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “तुझं पाखरू पान खातंय का फूल चोखतंय?”

फूल चोखतंय.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा पानं सोडून फुलं बघितली. खाली सगळी भुरी, वर लालभडक झुबके, आणि मादी एकेका नळीत चोच घालत झुबक्याभोवती गोल फिरत होती. पंधरा-वीस नळ्या झाल्या की पुढचा झुबका. तिला पानाशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणून कापलेले दोन तारे परत दिले. तरी सांगून ठेवतो : या वर्षी वसंतात एक तृतीयांश फुटवे मी बुडापासून काढले, द्राक्षाच्या फेलफुटी काढतात तसे, म्हणजे वारा खेळतो. पाणी पानांवर न देता मुळाशी दिलं. भुरी आली, पण उशिरा आणि निम्मी. ज्यांना माझ्यासारखा भुरीचा राग आहे त्यांनी ‘जेकब क्लाइन’ ही जात घ्यावी, ती बरीच टिकते. आणि शेजारच्या भलत्याच कुळातल्या झाडांना लागेल ही भीती काढून टाका, द्राक्षाची भुरी वेगळी, हिची वेगळी.

कार्डिनल फ्लॉवर दिसायला सगळ्यांत देखणं. तीनपैकी एक हरणानं खाल्लं, एक मी मारलं : पाय सतत ओले हवेत हे वाचूनही कोरड्या कोपऱ्यात लावलं, वर मल्च, म्हणजे आच्छादनाचा थर, बुडाशी दाबून बसवला. उरलेलं ऑगस्टमध्ये फुललं. त्यात कंपनीचा दोष नाही.

दोष वेलात. कोरल हनीसकलच्या फुलाला वास नसतो. या जूनमध्ये संध्याकाळी अंगणात गेलो तर गोड घमघमाट. तिथेच शंका आली. फुलं बघितली, बाहेरून गुलाबी, आतून पिवळी. ही ‘गोल्डफ्लेम’, संकरित, नेटिव्ह बिटिव्ह काही नाही. फोटो पाठवले. उत्तर, ‘या वेलावरही हमिंगबर्ड येतात.’ येतात, नाही म्हणत नाही, मी स्वतः बघितलेत. पण मी पापलेट मागितलं आणि तुम्ही रावस दिलात तर रावस चांगला लागतो हे उत्तर नव्हे. सहा मेल झाल्यावर पुढच्या खरेदीवर १५ टक्क्यांचं कूपन.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. छपराच्या पन्हळीच्या पाइपाखाली, जिथे पावसाचं पाणी पडतं, तिथे गेल्या वर्षी रसाळ, काचेसारख्या देठांचं तण माजलं होतं. मी उपटून फेकलं, एका हातानं सहज निघतं. या वर्षी आळस केला. जुलैअखेर त्यावर केशरी फुलं, आत तपकिरी ठिपके, मागे वळलेली शेपटी, दोऱ्यासारख्या देठावर डुलणारी. बायकोनं एक फुगलेली शेंग दाबली, टप्पकन फुटली, बिया माझ्या चष्म्यावर. “अरे, हा तेरडा आहे!” तिचं माहेर रत्नागिरीकडे, त्यांच्याकडे तेरड्याच्याच गौरी. आणि खरंच, या तणाचं इथलं नाव ज्युअलवीड, म्हणजे तेरड्याचा अमेरिकन सख्खा चुलत.

ऑगस्टच्या मध्यापासून जो राबता सुरू झाला तो आजपर्यंत आहे. दक्षिणेकडे निघालेली पाखरं इथेच पोट भरतात, बी बामचा बहर तोवर ओसरलेला. एका शनिवारी चहाच्या एका कपात अकरा फेऱ्या मोजल्या. दोन माद्यांची त्या कोपऱ्यावरून मारामारी. हरणं शेंडे खातात, पण खाऊन उरतो एवढा येतो. साखरपाण्याचा फीडर मी काढूनच ठेवला : एक वाटी साखर, चार वाट्या पाणी हे ठीक, पण उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी घासायचा कोणी?

गौरीसाठी बायकोनं दोन फांद्या मागितल्या. मी म्हटलं, मागच्या बाजूच्या घे, तिथे कळ्या कमी आहेत. आरतीपर्यंत दोन्ही माना टाकून बसल्या.

संचाला तीन तारे. एक वेलाचा कापला, एक त्या ३० दिवसांचा. कूपन कोणाला हवं असेल तर सांगा, मला नको. मुदत ३० दिवसांचीच आहे.