कुडाळचं सेवा केंद्र: 'पेंडिंग' कुणाकडे आहे ते सांगणारी माणसं

सातबाऱ्याचं काम असेल तर कुडाळ बाजारातल्या या छोट्या सेवा केंद्रात जरूर जा. अर्ज काय, कुठेही भरून मिळतो. भरल्यानंतर त्याचं काय चाललंय हे नीट सांगणारी माणसं मला फक्त इथे भेटली.

सासरे गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज आम्ही इथूनच ई-हक्क या सरकारी साइटवर भरला. काजूची जमीन सामाईक. सातबाऱ्यावर चुलत सासरे, नणंदा, मुंबईचे दीर, सगळ्यांची नावं. अशा घरात अर्ज गेला की फोन सुरू होतात, "वहिनी, झालं काय?" आणि स्क्रीनवर बघावं तर पेंडिंग.

आपल्याकडे पेंडिंग म्हटलं की माणूस धरून चालतो, साहेबांनी फाईल दाबली. केंद्रातल्या मुलाने मला शांतपणे सांगितलं, "काकीनू, नाय म्हटल्यानी नाय हा. मुदत चालू आसा." म्हणजे नकार आलेला नाही. मग त्याने कागदावर लिहूनच दिलं. तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी 15 दिवस द्यावेच लागतात. तेवढे दिवस नोंद पेंडिंग राहणारच, कुणाची ओळख लावून उपयोग नाही. मुदत सरली, हरकत नाही, तरी मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली नाही, तर तिथे जाऊन विचारायचं. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदीत जातं, सुनावणी होते. ते पेंडिंग लांबतं. आणि कागद कमी म्हणून अर्ज अडला असेल तर धावपळ आपणच करायची. हे कळलं आणि दिरांना मी फोनवर तारीख सांगू शकले. घरातली निम्मी कुरबूर तिथेच थांबली.

त्याच टेबलावर बँकेचं एक इंग्रजी पत्रही वाचून घेतलं. त्यात 'पेंडिंग व्हेरिफिकेशन' असं होतं. मला वाटलं, पडताळणी राहिलीय एवढंच. मुलगा म्हणाला, इथे अर्थ 'पडताळणी होईपर्यंत' असा घ्यायचा. तोवर रक्कम थांबवलीय, पडताळणी झाली की सुटेल. सरकारी पत्रात 'पेंडिंग इन्क्वायरी' येतं तेही तसंच, चौकशी होईपर्यंत. पुढच्या शब्दाला जोडून आलं की 'तोपर्यंत', एकटं आलं की 'निर्णय व्हायचाय'. इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दर भिंतीवर लावलेत, पावती मागावी लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा शासनाच्या साइटवर 15 रुपयांत आपला आपण काढता येतो, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. गिऱ्हाईक जाईल याची भीती नाही.

बसायला जागा मात्र अगदीच कमी. म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन बाकडी टाकायला हवीत. पावसात नेट जातं तेव्हा सगळंच ठप्प.

चतुर्थीच्या आसपास चाकरमानी गावात असतात, त्यामुळे गर्दी फार. पण सह्या आणि आधारच्या प्रती तेव्हाच गोळा होतात, म्हणून सकाळी उघडताच जा. मृत्यूचा दाखला, चालू सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा आणि सगळ्या वारसांचे पूर्ण पत्ते सोबत ठेवा. मुंबईचे पत्ते पिनकोडसकट लिहून न्या. नोटीस तिथे पोचली नाही की सगळं अडतं.